फाट्यावर थांबणारी एसटी आणि माझा पहिला लेख: पत्रकारितेच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

पहिल्या सत्रात सरांनी काम दिलं: प्रत्यक्ष जागेवर जाऊन आठशे शब्दांचा लेख, मुदत दहा दिवस. मला एकेचाळीस दिवस लागले. कुणी आधी सांगितलं असतं तर त्यातले निदान पंचवीस वाचले असते, म्हणून हे लिहिते आहे.

विषय साधा होता. आमच्या तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळची एसटी येत नाही, फाट्यावरूनच परत फिरते. तालुक्याला अकरावी-बारावीला जाणाऱ्या मुली फाट्यापासून तीन किलोमीटर चालत घरी येतात. मी निघाले ती मथळा डोक्यात ठरवूनच: 'एसटीने गाडी बंद केली, मुलींची पायपीट'. छापून आलेला लेख मात्र गावाच्या वाटेवरच्या एका फरशी पुलाबद्दल (पावसात पाणी वरून जातं असा ठेंगणा पूल) होता आणि एसटी त्यात तिसऱ्या परिच्छेदात आली. मधे काय काय झालं, कुठे अडकले, ते टप्प्याटप्प्याने सांगते.

निघण्यापूर्वी पिशवीत काय हवं

- वही. सुटे कागद नकोत. प्रत्येक पानावर तारीख, जागा, वेळ.
- दोन पेनं आणि एक पेन्सिल (पावसात पेन चालत नाही, पेन्सिल चालते).
- फोन, पॉवर बँक. फोनमध्ये रेकॉर्डिंगला जागा आहे का ते आदल्या रात्री बघा.
- कॉलेजचं ओळखपत्र आणि विभागप्रमुखांच्या सहीचं, लेटरहेडवरचं पत्र. 'सदर विद्यार्थिनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून माहिती घेत आहे' एवढी एक ओळ पुरते. सरकारी कार्यालयात ओळखपत्रापेक्षा या पत्राला जास्त किंमत आहे, कारण त्यावर शिक्का असतो.
- दहा रुपयांची चार-पाच कोर्ट फी स्टॅम्प तिकिटं, माहिती अधिकाराच्या अर्जांसाठी. ऐनवेळी मिळत नाहीत.
- परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ, कागदावर लिहिलेली. मी ती लिहिली नव्हती आणि पहिल्याच दिवशी दुधाच्या टेम्पोतून परत आले.

गाडीवर 'प्रेस' लिहू नका. आपण अजून विद्यार्थी आहोत आणि तसं सांगितल्याने काही बिघडत नाही. उलट 'कॉलेजचं काम आहे' म्हटलं की लोक समजावून सांगतात, 'पेपरमधून आले' म्हटलं की तक्रार सांगतात.

१. विषय नको, प्रश्न घ्या

मी वहीत पहिल्यांदा लिहिलं होतं 'ग्रामीण भागातील वाहतूक समस्या'. सरांनी त्यावर काट मारली आणि विचारलं, "हा लेख कधी संपणार?" वर्गातल्या बाकीच्यांचेही विषय असेच होते: शेतकऱ्यांचे प्रश्न, तरुणाई आणि मोबाइल, पाणीटंचाई. या विषयांना हातच घालता येत नाही.

उत्तर शोधता येईल असा एक प्रश्न एका वाक्यात लिहा. माझा झाला: 'सहाची एसटी गावात येणं कधी आणि कशामुळे थांबलं, आणि ती पुन्हा सुरू करणं कुणाच्या हातात आहे?' यातल्या 'कधी', 'कशामुळे' आणि 'कुणाच्या' या तीन शब्दांनी पुढचं सगळं काम वाटून दिलं. प्रश्न लिहिला की कुणाला भेटायचं याची यादी आपोआप तयार होते.

एक गोष्ट इथेच ठरवून टाका: लेख आत्ताच का? संपादक हे विचारतातच. याला निमित्त म्हणतात. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, म्हणून दर १ जूनच्या आसपास पुरवण्यांना एसटीवरचे लेख हवे असतात. पावसाळा, शाळा सुरू होणं, विधिमंडळाचं अधिवेशन, ही सगळी निमित्तंच. मला हे माहीत नव्हतं. मी लेख ऐन दिवाळीच्या तोंडावर पाठवला. तेव्हा पानांवर जाहिराती असतात, जागा नसते.

२. जाण्याआधी दोन दिवस वाचन

फार लांबवू नका, दोन दिवस पुरे. जिल्हा ग्रंथालयात किंवा तालुक्याच्या जुन्या वाचनालयात जिल्हा आवृत्त्यांचे गठ्ठे असतात, ते चाळा. गावाची लोकसंख्या, शाळा, अंतरं यासाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका बघा, पण आकडा वापरताना '२०११ च्या जनगणनेनुसार' हे शब्द गाळू नका. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात आणि प्रत्येकावर संकेतांक असतो. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी किती आला आणि कशावर गेला ते ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर दिसतं.

एक सापळा. आमच्या वर्गातल्या एकाने एआयला विचारून एका शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख लेखात घातली. असा निर्णयच नव्हता. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय क्रमांक लिहायचा नाही, मग तो कुणीही सांगितलेला असो.

मला या दोन दिवसांत रस्त्यांच्या वर्गवारीचं वाचायला हवं होतं, ते मी वाचलं नाही. त्याची किंमत पुढच्या टप्प्यात मोजली.

३. कागद मिळवा: माहिती अधिकार आणि सोमवार

हा टप्पा लांब आहे, कारण सगळे इथेच अडकतात.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी अर्ज जोडपत्र 'अ' या नमुन्यात करायचा, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवायचं. ऑनलाइन अर्जाची सोयही आहे, पण आपलं कार्यालय त्या यादीत आहे का ते आधी बघा. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचं बंधन नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट आहे. तरी समोरचे विचारतात. मी "कॉलेजसाठी" म्हणायचे. खोटं नव्हतं आणि वादही झाला नाही.

राज्याच्या नियमांनुसार एक अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा हवा. माझा पहिला अर्ज दोन पानी होता. त्यात गाडी, पूल, रस्ता, मुलींची सुरक्षितता, सगळं होतं आणि शेवटी 'प्रशासन झोपले आहे काय?' असंही होतं. ऑफिसातल्या बाईंनी तो वाचला, हसल्या आणि परत दिला. त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं: 'का' विचारू नका. जनमाहिती अधिकारी (कार्यालयात या अर्जांना उत्तर देणारा अधिकारी) दप्तरात आहे तेच देतो, कारणं तयार करून देत नाही. 'गाडी का बंद केली?' याला उत्तर येतं, 'सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही'. त्याऐवजी कागद मागा. माझा सुधारलेला अर्ज असा होता:

'१ जून २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ या कालावधीत अमुक गावाच्या सायंकाळच्या फेरीच्या मार्गात बदल केल्याबाबत आपल्या कार्यालयाने पाठवलेल्या व कार्यालयास आलेल्या सर्व पत्रांच्या छायांकित प्रती मिळाव्यात.'

कालावधी, विषय, कागदाचा प्रकार, बस्स. झेरॉक्सचे पानाला दोन रुपये पडतात. ते भरा असं पत्र येतं, आणि पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस उत्तरासाठीच्या तीस दिवसांच्या मुदतीत मोजले जात नाहीत. म्हणून पत्ता असा द्या जिथे पोस्टमन तुम्हाला ओळखतो. मी हॉस्टेलचा पत्ता दिला होता. पत्र सहा दिवस वॉचमनच्या टेबलाखाली पडून होतं.

अर्ज हातोहात देत असाल तर आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, साहेब आले की देतो" याला पोच म्हणत नाहीत.

आता ती किंमत. पुलाबद्दलचा अर्ज मी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यालयात दिला. रस्ता म्हटला की बांधकाम खातं, असं मला वाटलं होतं. पण ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. माझा पूल ग्रामीण मार्गावरचा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, आणि माझा तसा गेलाही. पण तीस दिवसांचं घड्याळ तिथे पोचल्यावर नव्याने सुरू झालं. ग्रामसेवकांना आधी रस्त्याचा क्रमांक विचारला असता तर हे झालं नसतं. त्यांच्या कपाटात गावनिहाय रस्त्यांची यादी होती, तीन मिनिटांचं काम.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. जोडपत्र 'ब', वीस रुपयांचं तिकीट. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. ते जरूर करा, पण सत्राच्या मुदतीत त्याचा निकाल लागेल या आशेवर राहू नका.

मग मुदतीतलं काम कसं करायचं? सोमवारचा उपयोग करा. नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे असतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. परिपत्रकाची छापील प्रत सोबत न्या. मी गेले त्या टेबलावर हे पहिल्यांदाच ऐकलं जात होतं. प्रत दाखवल्यावर अर्धा तास आत चर्चा झाली, मग फाइल आली. चहासुद्धा आला.

फाइल उघडल्यावर काय बघायचं हे आधी ठरवून जा, नाहीतर दोन तास टिपणी आणि सह्या बघण्यात जातात. बांधकामाच्या फाइलीचा प्रवास ठरलेला असतो: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (आराखड्याला अभियंत्यांची मंजुरी), निविदा, कार्यारंभ आदेश. माझ्या पुलाची फाइल प्रशासकीय मान्यतेपर्यंत आली होती आणि तांत्रिक मान्यतेच्या अलीकडे थांबली होती. आणि त्याच फाइलीत खाली, सुतळीत अडकलेलं, एसटी आगाराचं पत्र होतं: पुलाचा एका बाजूचा भराव खचला आहे, बस नेणं धोक्याचं आहे, दुरुस्ती होईपर्यंत फेरी फाट्यापर्यंतच चालवू.

माझा मथळा तिथेच संपला. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. इतके दिवस ज्यांना मनात दोष देत होते त्यांनी आधीच पत्र लिहून ठेवलं होतं.

४. माणसांशी बोला, पण एकेकट्याशी

गावात गेल्यावर पहिला प्रश्न तुम्हालाच येतो: "कुणाची गं तू?" टाळू नका. गाव, आडनाव, आजोळ, काय असेल ते सांगा. पाच मिनिटं त्यात जातात आणि पुढचा तास सुकर होतो. वही लगेच काढू नका. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा, आणि "करू का?" असं विचारताना फोन आधीच चालू असू नये.

पारावर किंवा हॉटेलात दहा जणांना एकदम विचारलं तर एकच उत्तर मिळतं, सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचं. बाकीचे मान हलवतात. मी पहिल्या दिवशी वहीत लिहिलं, 'दहा ग्रामस्थांनी सांगितलं'. प्रत्यक्षात एकाने सांगितलं होतं आणि नऊ जणांनी चहा घेतला होता.

बायकांशी बोलायचं तर वेळ बघा. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर विचारणं म्हणजे त्यांच्या कामात आडवं येणं. मला उपयोगी पडली ती दुपारी तीन ते साडेचारची वेळ. मुलींशी मी त्यांच्याबरोबर फाट्यापासून चालत बोलले. तीन किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. घरात बसून "त्रास होतो का?" विचारलं असतं तर "होतो" एवढंच आलं असतं. चालताना एकीने दाखवलं की अंधार पडल्यावर कुठल्या वळणावर त्या गाणं मोठ्याने म्हणायला लागतात. हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

या मुली सोळा-सतरा वर्षांच्या. त्यांच्या नावासाठी आणि फोटोसाठी घरच्यांची संमती घ्यावी लागते हे लक्षात ठेवा. मी नावं वापरलीच नाहीत आणि फोटो पाठमोरा घेतला, कारण कुठल्या मुली कुठल्या वेळी एकट्या कुठल्या रस्त्याने जातात हे पेपरात छापणं म्हणजे पत्ता देण्यासारखंच आहे. गुन्ह्याशी संबंधित विषय असेल तर हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४, पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ हे वाचल्याशिवाय असा विषय हातात घेऊ नका. नाव गाळून शाळा, वाडी आणि वडिलांचा धंदा लिहिला तरी ओळख उघड होते.

अधिकाऱ्यांकडे जाताना अकरा ते बारा ही वेळ बरी. मीटिंगचे आणि दौऱ्याचे दिवस शिपायांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. प्रश्न लिहून न्या आणि शेवटी एकदा विचारा: "हे तुमच्या नावाने लिहू का?" हा प्रश्न शेवटी विचारण्यात धोका आहे, कारण कुणी मागे सरतं. पण न विचारता छापून दुसऱ्या दिवशी फोन येण्यापेक्षा ते परवडलं. 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणजे नेमकं काय हे दोघांनाही एकच कळलंय का ते त्याच वेळी स्पष्ट करा. वापरायचंच नाही, की नाव न घालता वापरायचं? माझ्याशी बोललेल्या वाहतूक नियंत्रकांना दुसरं अपेक्षित होतं, मी पहिलं समजले. त्यामुळे चांगली माहिती आठवडाभर वहीतच बसून राहिली.

त्यांनीच मला भारमान समजावलं, म्हणजे गाडीतल्या एकूण जागांपैकी सरासरी किती भरतात ते. 'भारमान नाही म्हणून फेरी बंद' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक गावात ऐकू येईल. ऐकलं की विचारायचं: कुठल्या महिन्याचं, जातानाचं की येतानाचं, आणि पासधारक धरून का सोडून?

५. ताळा करा

गावात सगळे म्हणत होते, "दोन वर्षं झाली गाडी बंद हाय." मी तसंच लिहिलं. सरांनी दोन वर्षांवर पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "तारीख?"

तारीख कुणालाच माहीत नव्हती, पण एका आजींना माहीत होतं की पूल खचला तो पंचमीच्या आदल्या दिवशी, कारण मुलगी माहेरी येताना अडकली होती. २०२४ ची नागपंचमी ९ ऑगस्टला होती. आगाराचं पत्र त्यानंतर चारच दिवसांचं. म्हणजे मी लिहीत होते तेव्हा चौदा महिने झाले होते. लोक खोटं बोलत नव्हते. त्यांनी मोजले होते ते पावसाळे, आणि ते खरोखर दोन झाले होते.

तेव्हापासून गावात वेळ विचारताना मी तारीख विचारत नाही. जत्रेच्या आधी की नंतर, पेरणी झाली होती का, कुणाचं लग्न होतं, असं विचारते आणि मग जुनं कॅलेंडर काढते.

दुसरा पुरावा अनपेक्षित जागी मिळाला. एका मुलीच्या दप्तरात तिचे जुने एसटी पास होते. मुलींना बारावीपर्यंत प्रवास मोफत असल्याने पास सगळ्यांकडे असतोच, आणि त्यावर कुठून कुठे ते लिहिलेलं असतं. जुलै २०२४ च्या पासवर गावाचं नाव होतं, जून २०२५ च्या पासवर फाट्याचं. फाइलीतलं पत्र, आजींची पंचमी आणि हे दोन पास, तिन्ही एकमेकांशी जुळले तेव्हा मी ते वाक्य लेखात ठेवलं.

ताळ्यासाठी माझी पद्धत अगदी गावठी आहे. लेखाची छापील प्रत काढायची, प्रत्येक नाव, आकडा, तारीख आणि पद यांच्याखाली रेघ मारायची आणि समासात लिहायचं की हे मला कुठून कळलं: वही पान अमुक, फाइल, रेकॉर्डिंग. समास रिकामा राहिला की वाक्य काढायचं. पदं विशेष तपासा. उपअभियंता आणि शाखा अभियंता यांत गल्लत केली की ज्याला लागायचं त्याला लागतंच, आणि तो बाकीचा लेख वाचत नाही.

ज्याच्यावर बोट ठेवताय त्याची बाजू घेतल्याशिवाय लेख पाठवायचा नाही. फोन लागला नाही तर लेखी प्रश्न पाठवा, वाजवी मुदत द्या आणि 'अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही' एवढंच लिहा. 'प्रतिसाद देण्यास टाळाटाळ केली' हे तुमचं मत झालं.

६. लिहायला बसा

रेकॉर्डिंग त्याच रात्री उतरवून काढा. एका तासाच्या बोलण्याला मला चार तास लागतात. फाइलला नाव देताना तारीख आणि माणूस लिहा. 'नवीन रेकॉर्डिंग १७' मध्ये कोण बोललं होतं ते मला आजही माहीत नाही.

सुरुवात कुठून करायची यावर मी तीन दिवस घालवले. आधी गाव, मग निसर्ग, मग स्वातंत्र्याला इतकी वर्षं होऊनही, असं सगळं लिहून झालं. शेवटी पाच वाजून पन्नास मिनिटांनी फाट्यावर गाडी थांबते आणि कंडक्टर "चला, शेवट आला" म्हणतात, तिथून सुरू केलं. पहिले दोन परिच्छेद तसेही काढले जातात, तुम्ही स्वतःच काढा.

पेपरातले काही शब्दप्रयोग बोटांत भिनलेले असतात, ते शोधून उडवा: जीव मुठीत धरून, एकच खळबळ, चर्चेला उधाण, नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे, प्रशासनाला जाग कधी येणार. संताप कुणी व्यक्त केला त्याचं वाक्य द्या, 'नागरिकांतून' म्हणू नका.

अवतरणांतली भाषा हा नाजूक मामला आहे. आजींचं बोलणं प्रमाण मराठीत घातलं तर त्या तहसीलदार वाटतात. सगळं हुबेहूब बोलीत घातलं आणि अभियंत्याचं मात्र शुद्ध करून छापलं (तेही 'न्हाई' म्हणाले होते), तर तो पक्षपात होतो. मी शब्द त्यांचेच ठेवले, वाक्यरचना त्यांचीच ठेवली, आणि उच्चाराप्रमाणे लेखन सगळ्यांच्याच बाबतीत टाळलं. वर्गात यावर भांडण झालं. माझं मत अजून तेच आहे.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं तुटतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. वृत्तपत्राला जुना फाँट लागत असेल तर रूपांतर त्यांना करू द्या, आणि सोबत पीडीएफ पाठवा म्हणजे मूळ काय होतं ते दिसतं.

७. पाठवा आणि फोन कधी करायचा ते शिका

ईमेलच्या विषयात लेखाचं नाव आणि शब्दसंख्या. खाली तीन ओळी: काय आहे, आत्ताच का, तुम्ही कोण. फोटो वेगळे जोडा, वर्डमध्ये चिकटवू नका, आणि प्रत्येकाची फोटोओळ लिहा: कुठे, कधी, कुणी काढला. हा लेख आणखी कुणाला पाठवला आहे का तेही सांगा. एकच लेख एकाच वेळी चार ठिकाणी पाठवून दोन ठिकाणी छापून आला की तुमचं नाव दोन्हीकडे लक्षात राहतं, चांगल्या अर्थाने नव्हे.

संध्याकाळी सहानंतर डेस्कला फोन करू नका. तेव्हा पान लागत असतं. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान करा. आठवडाभर उत्तर नसेल तर एकदा आठवण करा, आणखी आठवड्याने दुसरीकडे पाठवा. मानधनाचं आधीच विचारा. मी विचारलं नाही आणि मिळालंही नाही.

माझ्या आठशे शब्दांचे पाचशे वीस झाले. मथळा बदलला, मुलींबरोबर चाललेला भाग चौकटीत गेला आणि माझं आवडतं वाक्य गेलं. उपसंपादकांना मी फक्त एकच गोष्ट विचारली: तारखा आणि पदं तशीच आहेत ना? ती होती. बाकीच्यावर वाद घालायला पहिला लेख ही जागा नाही.

८. छापून आल्यावर

अंकाच्या दोन-तीन प्रती गावात पोचवा, फोनवर पीडीएफ पाठवून मोकळे होऊ नका. ज्यांची बाजू घेतली त्या कार्यालयालाही एक द्या. चूक निघाली तर लगेच लिहून दुरुस्ती द्या. माझ्या लेखात वाडीचं अंतर चुकलं होतं, अर्ध्या किलोमीटरने. एका शेतकऱ्याने फोन करून सांगितलं, दुरुस्ती आतल्या पानावर दोन ओळींत आली.

वह्या, पोच, रेकॉर्डिंग, पास यांचे फोटो, सगळं एका फाइलीत ठेवा. कुणी आक्षेप घेतला तर हीच फाइल लागते. आणि पाठपुरावा करायचा तर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिल्हा परिषदेचं रीतसर उत्तर मला लेख दिल्यानंतर चौथ्या दिवशी आलं, दोन पानं, चार रुपये. त्यात तांत्रिक मान्यतेच्या रकान्यात 'प्रक्रियेत' असं आहे. त्यावरचा पुढचा अर्ज लिहून तयार आहे, एकच विषय, एकशे बारा शब्द. येत्या जूनमध्ये पुन्हा जाणार आहे. पुलावरून पाणी पहिल्यांदा कुठल्या तारखेला जातं ते शाळेचे शिपाईकाका या वेळी हजेरीच्या वहीमागे लिहून ठेवणार आहेत.